खैरदरीचे गुण

औरंगाबाद
१२ नोव्हेंबर २००२

ती. मामीस साधनाचा नमस्कार.

आमच्या संस्थेकडे मोठं काम आलंय आणि त्यात मला घेतलंय. मराठवाड्यात लोक जिथे देवाला किंवा फिरायला जातात अशी काही ठिकाणं आम्ही मोजणार आहोत. ठिकाण कसं मोजतात, असं तू विचारशीलच. दोन गोष्टी बघायच्या. दुसऱ्या ठिकाणांच्या मानानं हे ठिकाण माणसं किती ओढतं, ही एक. रस्ता कसा आहे, उतरायची सोय आहे का, पाहण्यासारखं काय आहे, ते सगळं त्यात आलं. दुसरी गोष्ट, आलेली माणसं हे ठिकाण किती वर्षं पेलू शकेल. पाणी पुरेल का, घाण कुठे जाईल, तिथे राहणाऱ्यांना त्यातून सुख आहे की त्रास. प्रत्येक गोष्टीला पाचपैकी गुण द्यायचे.

त्या यादीत आपली खैरदरी आहे. कड्याखालचा महादेव आणि बारमाही कुंड बघून कुणीतरी वर कळवलं होतं. मी सरांना सांगितलं, माझ्या मामांचं गाव आहे. ते म्हणाले, मग तूच जा, लोक मोकळेपणानं बोलतील.

पुढच्या आठवड्यात येते. आई गेल्यापासून माहेर म्हणजे तुझंच घर, म्हणून मुक्कामही तुझ्याकडेच. गावात एवढंच सांगून ठेव की विचारलं तर जे खरं असेल ते सांगा.

तुझी,
साधना

---

खैरदरी
४ डिसेंबर २००२

चि. साधनाला मामीचे आशीर्वाद.

तू गेलीस अन् घर सुनं सुनं झालं. परभू म्हणतो, ताईच्या गळ्यातलं ते ओळखपत्र पाहून गोरेगावचे जीपवाले बी तिला म्याडम म्हणून राहिले होते. तुझी आई असती तर तिनं दृष्ट काढली असती.

तू फिकीर करू नको. तू यायच्या आधी मी घरोघरी जाऊन आले होते. म्हटलं, पोरगी परीक्षेला बसली हाय, आपल्या हातानं तिचं नुकसान व्हऊ देऊ नका. समद्यांनी पाचपैकी पाच दिले ना? येणाऱ्या लोकांची तकलीफ होते का म्हणून तू विचारलंस तवा रुख्मिणीबाई न्हाई म्हणली. मागल्या महिन्यातच तिच्या हरभऱ्यात लोकांनी गाड्या घातल्या व्हत्या. पण ती तुझ्याकडं पाहून हसत ऱ्हायली. तुझे मामा तेवढे अडून बसले. म्हणले, कुंडाला मी दोन देईन, उन्हाळ्यात पाणी तळाला जातं. मी त्यांना चुलीमागं नेऊन समजावलं, तवा कुठं पाच म्हणले.

तू जाताना शंकरसिंग सरपंचाला म्हणलीस, कुंडाजवळ लेंड्या पडल्यात, स्वच्छतेला एक गुण कमी होतो. त्यानं ते मनावर घेतलंय. आता मेंढरं पलीकडच्या अंगानं पाण्याला न्यावी लागतात. चालंल. पण तुला पुरे मार्क पडले पाह्यजेत.

निकाल कधी हाय?

तुझी मामी,
अनुसया

---

औरंगाबाद
१४ डिसेंबर २००२

ती. मामीस,

तुझं पत्र ऑफिसात उभ्यानं वाचलं आणि खुर्ची ओढून बसले. मामी, ती माझी परीक्षा नव्हती. ते गुण मला पडत नाहीत, गावाला पडतात. त्यावरून रस्ता ठरतो, किती माणसं बोलवायची ते ठरतं. तुम्ही सगळे खोटं बोललात, तेही माझ्या मायेपोटी. यावर रागवावं कसं तेच कळेना.

तुझं पत्र घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ते वाचून हसून परत दिलं. म्हणाले, सगळ्याच गावांत लोक चांगलंच सांगतात, सरासरीत ते जिरून जातं. अहवाल तोवर मुंबईला गेलेला होता. माणसं ओढण्यात खैरदरी आपल्या भागात पहिली आली आहे. हे लिहितानाही क्षणभर बरं वाटलं, ते लपवत नाही.

पण जे मी स्वतः मोजलं ते तुला सांगते. कुंडाचं पाणी, दरीतली जागा आणि एकुलती वाट बघता एका दिवशी दोन हजारांवर माणूस तिथे मावत नाही. हे मी अहवालात शेवटी लिहिलं आहे. शंकरसिंगभाऊंना ते नक्की सांग. आणि मेंढरांना त्यांच्या रोजच्या वाटेनंच पाण्याला नेऊ दे. लेंड्यांचं मी सहज बोलले होते.

साधना

---

खैरदरी
१६ फेब्रुवारी २००३

चि. साधनाला आशीर्वाद.

पेपरात आलं. शंकरसिंगानं देवळाच्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. खैरदरी पहिली. तुझं नाव न्हाई छापलं, पण समद्यांना ठाव हाय कुणी केलं. मला लोकांनी साखर भरवली.

तुझं दोन हजाराचं मी त्याला सांगितलं. तो म्हणला, वहिनी, पेपरात तसं काय न्हाई. खरंच न्हाई, परभूनं दोनदा वाचलं.

या शिवरातीला लई माणूस येणार म्हणतात. हिंगोलीचा एक हळदीचा व्यापारी दुसऱ्या दिवशी पारण्याला महाप्रसाद घालणार हाय. भात, आमटी अन् बुंदी. परभूनं नारळाचं दुकान टाकलंय, त्याला टायम न्हाई म्हणून मामांना देवळाच्या रांगेवर उभं केलंय. छातीला बिल्ला लावून दिला. मामा बिल्ल्याकडं असं पाहतात जसा कुणा दुसऱ्याच्या अंगावर लावलाय.

मेंढरं दोन दिस वाघरीच्या जाळ्यातच कोंडून ठेवा असं पंचायतीचं म्हणणं हाय. पाव्हण्यांना दिसू नयेत. मामा कुरकुरले. मी म्हटलं, दोनच दिस तर हाय, बांधाचं गवत कापून टाकू.

तू येशील का?

मामी

---

औरंगाबाद
९ एप्रिल २००३

ती. मामीस,

मला तेव्हा सुट्टी मिळाली नाही. त्यानंतर दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. आईच्या वर्षश्राद्धाला आमच्या गावी, कनेरगाव नाक्याला गेले, तर तिथेही तुमच्याकडचं कुणी आलं नाही. असं कधी झालं नव्हतं. पेपरात वाचलं की खैरदरीला चाळीस हजार लोक आले आणि सोहळा आनंदात पार पडला. मग तू गप्प का?

माझं काही चुकलं असेल तर तसं लिही. पण लिही.

साधना

---

खैरदरी
१८ एप्रिल २००३

साधनाताईस प्रभूचा नमस्कार.

आईनं तुला कळवू नको म्हणून शपथ घातली होती. काल आलेलं तुझं कार्ड वाचून ती चुलीपुढे नुसती बसून राहिली, म्हणून मीच लिहितोय.

आपली मेंढरं गेली. मूठभर उरली आहेत.

शिवरातीला गर्दी इतकी झाली की कुंडाकडे जायची वाट दिसेना. बांधावरचं गवत गाड्यांखाली गेलं. मेंढरांना टाकायला काही राहिलं नाही. दोन दिवस ती वाघरीत कोंडलेली, ओरडून ओरडून त्यांचे आवाज बसले होते. आबा रांगेवर अडकलेले. पारण्याच्या दिवशी संध्याकाळी पंगती उठल्या तेव्हा भात उरला होता, बुंदी उरली होती. किती, ते सांगता येत नाही. गावातल्या संतरामच्या ट्रॅक्टरची ट्रॉली काठोकाठ भरली. शंकरसिंगकाका म्हणाले, नाल्यात ओता. मला वाईट वाटलं. देवाचं अन्न नाल्यात, आणि आपली मेंढरं उपाशी. मी ट्रॉली वाघरीकडे नेली आणि स्वतःच्या हातानं सगळं त्यांच्यापुढे ओतलं.

ताई, ती अशी तुटून पडली की मला आनंद झाला. मी तिथं उभा राहून बघत होतो.

उजाडता आबांनी हाक मारली. पोटं नगाऱ्यासारखी फुगलेली, दात खात पडली होती. काही उठायला बघायची आणि गुडघ्यांवर पडायची. आबांनी घरातलं गोडेतेल आणि खायचा सोडा आणून एकेकीच्या तोंडात घातला. गोरेगावहून जनावरांचे डॉक्टर जीपनं आले, त्यांनी सुया दिल्या. म्हणाले, उपाशी मेंढरानं पोटभर शिजलेला भात खाल्ला की पोटात आंबतो, आता उशीर झालाय. दुपारपर्यंत रांगच्या रांग आडवी झाली. त्यातल्या किती मेंढ्या गाभण होत्या. वर देवळात भजन चालू होतं.

आबांनी विचारलं, भात कुणी घातला. मी म्हणालो, मी. मला वाटलं ते मारतील. ते आईकडे वळून म्हणाले, "मेंढरं व्हतील पुन्हा. पण माझ्या घरातलं, माझं पोरगं, अन् त्याला हे ठाव न्हाई?"

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. पाचवीपासून मला हिंगोलीच्या वसतिगृहात त्यांनीच ठेवलं होतं. मेंढरांमागे फिरू नकोस, शीक, असं तेच म्हणायचे. मला खरंच ठाऊक नव्हतं.

दुकान चालू आहे. रोज माणसं येतात. मी नारळ विकतो.

तुझा,
प्रभू

---

औरंगाबाद
२ मे २००३

ती. मामीस आणि प्रभूस,

पत्र वाचून मी तशीच बाहेर पडले आणि कुठे चालत गेले ते आठवत नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. प्रभू, मलाही ठाऊक नव्हतं. माझे आजोबा मेंढरांमागे फिरले, आईचं बालपण वाघरीत गेलं, आणि भातानं मेंढरू मरतं हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं आणि मीही उभी राहून बघितलं असतं.

मामी, गप्प बसणं मला जमलं नाही. सरांना प्रभूचं पत्र दाखवलं. ते या वेळी हसले नाहीत. मेंढरांचा विषय आपल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, एवढंच म्हणाले. मग मी लिहून दिलं की खैरदरीतली उत्तरं माझ्या नात्यामुळे दिलेली आहेत, ती धरू नयेत. सर चिडले, पण कागद पुढे पाठवावा लागला. खैरदरीचं नाव यादीतून काढलं आहे. आता तिकडे कुणी माणसांचे लोंढे आणणार नाही. मला एवढंच करता आलं.

मामा जेवतात ना?

साधना

---

खैरदरी
११ जून २००३

साधना,

तू काय करून बसलीस?

परवा शंकरसिंग दारात आला. आत ये म्हटलं तरी आला न्हाई. म्हणला, गोरेगावपासून डांबरी रस्ता मंजूर झाला व्हता, भक्तनिवास होणार व्हता, ते समदं बंद पडलं. तुमच्या भाचीनं लिवून दिलं की गाव खोटारडं हाय. मी म्हटलं, माझी साधना असं लिवणार न्हाई. त्यानं कागदच दाखवला. खाली तुझी सही.

आता पाण्याला गेले तर बाया आपली घागर उचलून बाजूला होतात. रुख्मिणीबाईची सून बाळंतपणाला जीपमधी नेताना वाटेतच मोकळी झाली. ती मला म्हणली, डांबरी रस्ता आला असता तर लेकरू दवाखान्यात झालं असतं.

मेंढरं आमची मेली. आमी रडलो. पण गावाला तू इचारलंस का? पहिल्यांदा तू इचारलंस अन् आमी खोटं बोललो. दुसऱ्यांदा तू इचारलंच न्हाईस. आमच्या गळ्याशी आलेलं काय हाय अन् आमाला काय पाह्यजे हे तू तिथं बसून ठरवलंस. तुझ्यात अन् त्या पेपरवाल्यात मग फरक काय राह्यला?

मामा कमी जेवतात. ज्या मेंढ्या उरल्यात त्यांना घेऊन सकाळीच जातात. परभू घरी असला की ते अंगणात बसतात, तो अंगणात आला की रानात जातात.

मामी

---

औरंगाबाद
३० जून २००३

ती. मामीस,

तू लिहिलंस ते खरं आहे. तुझ्या बाजूनं मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. मामी, तू माझ्यावर अशी कधी रागावली नव्हतीस, म्हणून दोन दिवस पत्र उशीखाली ठेवलं आणि मग पुन्हा वाचलं.

सरांना म्हणाले, खैरदरीला यादीत परत घ्या आणि गावाला नव्यानं विचारा, पण मला पाठवू नका. त्यांनी होकार दिला आहे. डिसेंबरात माझी सहकारी राजनंदिनी येईल. ती कुणाची भाची नाही. रस्त्याचं ती विचारेल, मेंढरांचंही विचारेल. कुणी काय सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मी येऊ का, हे विचारायचा धीर होत नाही.

साधना

---

खैरदरी
५ मार्च २००४

चि. साधनाला मामीचे अनेक आशीर्वाद.

लई दिसांनी लिवून राहिले. राग कवाचाच गेला, पण हात वळत नव्हता. आधी तुला सांगते, तू ये. गावात कुणी तोंड फिरवलं तर फिरवू दे, मी हाय.

दिवाळी झाली तसे मामा मेंढरं घेऊन दर सालासारखे वाशिमच्या अंगाला चारणीला निघाले. नेहमीचे सोबती पुढं गेले व्हते. उरलेल्या थोड्या मेंढरांसाठी कोण थांबतंय. मी म्हटलं, ह्या वयात एकटं कसं जाल? त्यांनी काठी घेतली, घोंगडी घेतली अन् परभूच्या दुकानापुढं जाऊन उभे राह्यले. गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत थांबले. मग म्हणले, "चल." आठ महिन्यांनी एवढा एकच शब्द बोलले. परभूनं पुड्या बांधायला मापात घेतलेले फुटाणे तसेच ठेवले, फळी लावली अन् पायात चपला घालून त्यांच्या मागं निघाला. मला सांगितलंबी न्हाई. मी दुकानापुढं येऊन पाह्यलं तर दोघं ओढा उतरून चालले व्हते. मधी मेंढरं व्हती.

डिसेंबरात तुझी राजनंदिनी आली. गुणाची पोरगी हाय, पण चहात साखर घेत न्हाई. ती घरोघरी गेली. ह्या बारीला मी कुणाला काय सांगितलं न्हाई. रुख्मिणीबाईनं हरभऱ्याचंबी सांगितलं अन् रस्ताबी मागितला म्हणे. माझ्याकडं आली तवा तिनं इचारलं, इथं लोक येतात त्यामुळं तुमचं बरं झालं का, पाचपैकी किती? मी म्हटलं, बाई, दुकानाच्या कमाईवर परभूनं घराचे पत्रे बदलले, हे बराबर हाय. आमची मेंढरं मेली, हेबी बराबर हाय. ह्या दोन्ही गोष्टींचा एक मार्क मला काढता येत न्हाई. तुला येत असंल तर काढ. मग तिनं तो रकाना सोडून दिला अन् मी बोलले ते जसंच्या तसं खाली लिवलं. मला वाचून दाखवलं अन् मग गेली.

शंकरसिंगानं ह्या वर्षी पंगती वर सडकेला घातल्या, दरीत न्हाई. उरलेलं पुरायला गावानं खड्डा खोदला. मेंढरं कुणी कोंडायला सांगितली न्हाईत, तशी आता गावात राह्यलीत किती? गर्दी मातर व्हतीच. कुंड दुपारीच गढूळ झालं, बायांनी दोन दिस पाणी लांबून आणलं. रस्त्याचं अजून काय ठरलं न्हाई. समद्यांची दुकानं चालू व्हती, आपलंच बंद. लोक म्हणले, अनुसयाबाई, शिवरातीला कुणी दुकान बंद ठेवतं का, चावी द्या, आमी चालवतो. मी चावी दिली न्हाई. का दिली न्हाई ते माझं मलाच कळलं न्हाई.

काल मामांच्या चारणीच्या सोबत्यांतला लखमा आला. तो रिसोडकडून आपल्या मेंढरांचं खांड घेऊन माघारी येऊन राहिला व्हता, वाटेत त्यांच्या वाघरीवर दोन दिस ऱ्हायला. त्यानं जे सांगितलं ते सांगायला मी हे पत्र लिवायला बसले.

एक मेंढी अडली व्हती. कोकराचा एकच पाय बाहेर आला अन् पुढं सरकेना. लखमा धावला, तर मामांनी त्याला हातानं थांबवलं. परभूला म्हणले, तू काढ. मामा जवळ बसून सांगत व्हते, आत सरकव, दुसरा पाय हुडक, आता ओढ, मेंढी कळ देईल तवाच ओढ. लई वेळ गेला म्हणे. लखमाला वाटलं, दोन्ही जातील. मग कोकरू आलं, जितं आलं. परभू तसाच रक्तानं भरलेला त्याला मांडीवर घेऊन बसला. पुसायला काही जवळ न्हाई, गार वारं सुटलेलं.

मी लखमाला इचारलं, मग ते काय बोलले?

तो म्हणला, "बोलले काय न्हाईत. डोईचं मुंडासं सोडलं अन् परभूच्या हातात दिलं."

साधना, माझं लगीन झाल्यापासून ह्या माणसाला उघड्या रानात मुंडाशाबिगर मी कवाच पाह्यलं न्हाई. तुझे आजोबा गेले तवाबी न्हाई. लखमानं चहा घेतला, निघूनबी गेला. मी दारातच उभी व्हते.

तुझी मामी,
अनुसया